वुर्त्सबुर्गची एक रात्र

युरोपच्या व्हिसाच्या फॉर्ममध्ये प्रत्येक रात्रीचा हिशोब द्यावा लागतो. कुठल्या तारखेला कुठल्या शहरात, कुठल्या पत्त्यावर झोपणार, सगळं आधी लिहून द्यायचं. आमच्या दहा रात्रींपैकी नऊ ठरल्या होत्या. चार ॲमस्टरडॅमला, पाच व्हिएन्नाला. मधली एक रात्र रिकामी होती.

ॲमस्टरडॅमहून व्हिएन्नाला ट्रेनने एका दमात जायचं म्हणजे तेरा-चौदा तास. पाच वर्षांच्या मुलीला घेऊन तेवढा प्रवास नको, वाटेत एखाद्या शहरात उतरू, झोपू, सकाळी पुढची गाडी पकडू, एवढं माझं आणि नवऱ्याचं ठरलं होतं. विमानाची तिकिटं त्याने काढली होती. ही एक रात्र माझ्याकडे होती.

"कुठेही टाक ना," नवरा म्हणाला. तो नागपूरचा. अमेरिकेत बारा वर्षं काढून त्याची भाषा तसूभर हललेली नाही. "झोपायचंच तर आहे."

मी 'कलोन' टाकलं. स्टेशनातून बाहेर पडलं की समोर ते मोठं चर्च, हॉटेल पाच मिनिटांवर. झालं. दोन दिवसांनी मी ते कॅन्सल केलं. कलोन फारच लवकर येतं, दुसऱ्या दिवसाचा प्रवास लांबतो, असं मी नवऱ्याला सांगितलं. मग फ्रँकफर्ट बुक केलं. तेही कॅन्सल केलं. स्टेशनजवळची वस्ती मुलीला घेऊन फिरायला बरी नाही, असं कुठेतरी वाचल्याचं सांगितलं. मग न्युरेंबर्ग.

बॉस्टनजवळ आम्ही राहतो त्या श्रूजबरीत शनिवारी सकाळी मुलीचा पोहण्याचा क्लास असतो. पालकांनी बाकावर बसायचं. क्लोरीनचा वास, दमट हवा, काचेपलीकडे पाय आपटणारी मुलं. त्या बाकावर बसून मी फोनवर नकाशा उघडायचे आणि फ्रँकफर्ट ते न्युरेंबर्ग या रेषेवर बोट फिरवायचे. बरोबर मध्ये वुर्त्सबुर्ग होतं. व्हिएन्नाला जाणारी गाडी तिथे थांबते. नदी आहे, जुना पूल आहे, टेकडीवर किल्ला आहे. स्टेशनला लिफ्ट आहे की नाही इथपासून संध्याकाळी पाचनंतर काय उघडं असतं इथपर्यंत मला सगळं पाठ झालं होतं. तरी मी त्या नावावर बोट ठेवायचे आणि उचलायचे. मुलगी पाण्यातून हात हलवायची आणि मला ते दिसायचं नाही. एकदा बाहेर आल्यावर म्हणाली, "आई, यू वेअर नॉट वॉचिंग." खरंच होतं ते.

वुर्त्सबुर्गला माझी रूममेट राहते.

आता 'रूममेट' म्हणणं चुकीचं आहे, पण मला तिच्यासाठी दुसरा शब्द सापडलेला नाही. ती नाशिकची, मी सांगलीची. मास्टर्सला आम्ही एकाच वर्षी अमेरिकेत आलो, पहिल्या आठवड्यात एकाच अपार्टमेंटमध्ये शिरलो आणि पाच वर्षं एकत्र राहिलो. आधी युनिव्हर्सिटीजवळ वूस्टरला, मग नोकरी लागल्यावर तळ्यावरचा पूल ओलांडून शेजारच्या श्रूजबरीत. नोकरीही एकाच कंपनीत, एकाच टीममध्ये. सकाळी माझ्या गाडीतून दोघी जायचो. ती ड्राइव्ह करायला घाबरायची. बर्फ पडला की ती गाडी साफ करायची आणि मी आत बसून हीटर लावायचे. हा करार कुणी कधी केला ते आठवत नाही, पण तो पाच हिवाळे टिकला. पोळ्या ती करायची, कारण माझ्या पोळ्यांना ती 'कागदपत्रं' म्हणायची.

इथे शिकून नोकरी करणाऱ्यांना काही वर्षं काम करता येतं. त्यानंतर राहायचं असेल तर कंपनी तुमचं नाव वर्क व्हिसाच्या लॉटरीत टाकते. हुशारी, मेहनत, काही विचारात घेतलं जात नाही. नाव निघालं तर निघालं. माझं दुसऱ्या वर्षी निघालं. तिचं तिन्ही वर्षी निघालं नाही.

तिसऱ्या वर्षी निकाल कळला तेव्हा आम्ही ऑफिसच्या कँटीनमध्ये होतो. तिने ईमेल वाचली, फोन उलटा ठेवला आणि राहिलेला डोसा संपवला. मग म्हणाली, "चल, मीटिंग आहे." दोन महिन्यांत तिला देश सोडायचा होता. त्या दोन महिन्यांत आम्ही खूप बोललो, पण सगळं सामानाबद्दल. मिक्सर कुणाला द्यायचा, गादी कोण नेणार, बँकेचं खातं कसं बंद करायचं. तिचा प्रोजेक्ट माझ्याकडे आला. हँडओव्हरसाठी ती माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसायची आणि शांतपणे एकेक गोष्ट समजावून सांगायची. मला तिच्या तोंडाकडे बघवायचं नाही. मी स्क्रीनकडे बघायचे.

ज्या दिवशी ती निघाली, त्या दिवशी मी तिला बॉस्टनच्या एअरपोर्टवर सोडणार होते. सकाळी मी म्हणाले, "यार, दोनला मीटिंग पडलीये. मॅनेजर ऐकतच नाहीये. तुला टॅक्सी करून देऊ का?"

ती म्हणाली, "अगं चालेल. करते मी."

मीटिंग नव्हती. मी एक वाजता घरातून निघाले आणि लायब्ररीच्या पार्किंगमध्ये गाडी लावून बसले. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. एअरपोर्टवर ती रडेल अशी भीती वाटत होती की रडणार नाही अशी, कोण जाणे. चारच्या सुमारास घरी आले. तिने ओटा पुसून ठेवला होता. किल्ली फ्रीजवर होती.

ती आधी नाशिकला गेली, तिथून वर्षभराने जर्मनीत नोकरी मिळाली. वाढदिवसाला आम्ही एकमेकींना केकचं चित्र पाठवायचो. आठ वर्षं, दोघींचे मिळून सोळा केक.

व्हिसाची अपॉइंटमेंट जवळ आली तसा माझा चाळा वाढला. न्युरेंबर्गची तारीख रविवारी पडत होती, तिकडे रविवारी दुकानं बंद, म्हणून मी अख्खी ट्रिप एक दिवस पुढे ढकलायला लावली. नवऱ्याने ॲमस्टरडॅमच्या हॉटेलला दोनदा फोन केला. त्यातच ऑफिसच्या वकिलांची ईमेल आली की वर्क व्हिसावर असलेल्यांनी गरज नसेल तर सध्या देशाबाहेर जाणं टाळावं. आम्ही दोघं ग्रीन कार्डाच्या रांगेत आहोत, आणि ती रांग आमच्या हयातीत संपेल याची खात्री नाही. मुलगी इथे जन्मलेली, तिला युरोपला जायला व्हिसाही लागत नाही. घरात तीन पासपोर्ट, त्यातला सगळ्यात लहान माणसाचा सगळ्यात वजनदार.

"कॅन्सल करायचं का सगळं?" मी नवऱ्याला विचारलं.

"काहून?" तो म्हणाला. "आपल्या पासपोर्टवर स्टॅम्प आहे, कागदं आहेत. तू मला एक सांग, एका रात्रीसाठी तीन शहरं बदलली तू. काय शोधून राहिली?"

मी म्हणाले, "काही नाही. सोयीचं बघतेय."

त्या दिवशी लंच ब्रेकमध्ये ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून मी रूममेटला मेसेज लिहिला. 'आम्ही जूनमध्ये ट्रेनने व्हिएन्नाला जातोय. वाटेत तुझं गाव लागतं. एक रात्र थांबायचा विचार आहे. तू असशील तर भेटू.' 'तू असशील तर' काढलं. परत घातलं. 'भेटू'च्या पुढे 'या' लावलं. पाठवलं आणि फोन पर्समध्ये खाली, डब्याच्या खाली ठेवला.

दोन दिवस उत्तर नाही. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा मात्र पाचव्या मिनिटाला आल्या होत्या. त्या दोन दिवसांत मी न्युरेंबर्गचं हॉटेल बदलून दुसरं न्युरेंबर्गचं हॉटेल घेतलं.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. "कुठली तारीख?"

मी तारीख सांगितली. लगेच दुसरा मेसेज आला. "आहे मी. हॉटेल बुक करशील ना?"

मला ते लागलं. तिच्याकडे उतरायचा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता, ती 'घरीच ये' म्हणाली असती तर मी कारणं शोधत बसले असते. तरी लागलं. मी 'हो हो, ऑफ कोर्स' लिहिलं.

मग मात्र तिचे मेसेज येत राहिले, एकेक दिवसाआड, सगळे कामाचे. "स्टेशनसमोरचं घेऊ नकोस, नदीकडचं घे. ट्रामने सात मिनिटं." "फ्रँकफर्टला गाडी बदलायला अकरा मिनिटं ठेवली आहेस, कमी आहेत. तासाभरानंतरची घे." "मुलीला तिखट चालतं का? चीज खाते का?" हँडओव्हर करायची तशीच, एकेक गोष्ट नीट. शेवटचा मेसेज मी पोहण्याच्या क्लासच्या बाकावर वाचला आणि बराच वेळ तसाच उघडा ठेवला. नवऱ्याला फक्त एवढं सांगितलं की वुर्त्सबुर्ग फायनल केलंय, छोटं आहे, स्टेशन सोपं आहे. तो म्हणाला, "वा."

बॉस्टनच्या व्हिसा सेंटरमध्ये काउंटरपलीकडच्या बाईने आमची कागदं चाळली. ॲमस्टरडॅम, व्हिएन्ना ठीक होतं. मधल्या पानावर तिचं बोट थांबलं. तिने इंग्रजीत विचारलं, "वुर्त्सबुर्गमध्ये एकच रात्र. कशासाठी?"

मी म्हणाले, "माझी मैत्रीण राहते तिथे."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. बाईने मान हलवली आणि पान उलटलं.

परतीच्या रस्त्यावर अर्ध्या वाटेत, फ्रॅमिंगहॅमला, त्याने रेडिओ बंद केला. मग म्हणाला, "तर हे होतं."

मी त्याला सगळं सांगितलं. रूममेट होती, ती परत गेली, एवढं त्याला ठाऊक होतं. लायब्ररीचं पार्किंग त्याला ठाऊक नव्हतं. ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बोलताना मला वाटत होतं की हा आता 'जाऊ दे, एवढं काय' म्हणेल, आणि तसं म्हणाला तर मला फार राग येईल.

तो म्हणाला, "मग सांगायचं ना. मी काय कलोन पाहायला मरून राहिलो होतो का?"

मी हसले आणि हसता हसता रडायला लागले. त्याने लेन बदलली, ब्लिंकर तसाच चालू राहिला, टिक टिक करत दोन मैल.

व्हिसा मिळाला. जूनमध्ये गेलो. ॲमस्टरडॅमला चार दिवस मी काय पाहिलं ते फोटोंवरूनच सांगता येईल. प्रत्येक कालव्याच्या काठी मी गाडीचं वेळापत्रक तपासत होते. पाचव्या दिवशी फ्रँकफर्टला जाणारी गाडी चाळीस मिनिटं उशिरा पोहोचली. रूममेटचं ऐकून तासाभरानंतरची घेतली होती म्हणून पुढची मिळाली.

वुर्त्सबुर्गला उतरलो तेव्हा साडेचार वाजले होते. स्टेशनामागच्या टेकडीवर द्राक्षांचे मळे, ओळीत, विंचरल्यासारखे. हॉटेलवर सामान टाकलं. मी दोनदा कपडे बदलले. मुलगी म्हणाली, "आई, इज शी फेमस?"

"नाही गं. माझी मैत्रीण आहे. मावशी म्हणायचं तिला."

सहा वाजता जुन्या पुलावर भेटायचं ठरलं होतं. पुलावर दोन्ही बाजूंना साधुसंतांचे उंच दगडी पुतळे आहेत, आणि त्यांच्या पायाशी लोक हातात वाइनचे ग्लास घेऊन उभे राहतात, आपल्याकडे कट्ट्यावर उभे राहतात तसे. ऊन अजून चांगलंच होतं. ती दुसऱ्या टोकाकडून सायकल हातात धरून चालत आली. केस कापलेले, चष्मा नवा. गाडी चालवायला घाबरणारी मुलगी सायकलवरून येत होती, हे मला आधी दिसलं. मग ती दिसली.

"जाड झालीस," ती म्हणाली.

"तू पण," मी म्हणाले. ती अजिबात जाड झाली नव्हती.

मुलगी नवऱ्याचा हात धरून पुतळे मोजायला गेली. नवऱ्याने तिला त्यासाठीच नेलं असावं. आम्ही दोघी वाइनचे ग्लास घेऊन कठड्याला टेकून उभ्या राहिलो. खाली बांधावरून पाणी पडत होतं. आधी नोकरी, आईवडील, गुडघे, नाशिकचे रस्ते. मग ती म्हणाली की गेल्या वर्षी तिने इथलं नागरिकत्व घेतलं. भारताचा पासपोर्ट परत करताना वकिलातीतल्या टेबलावर रडू आलं म्हणाली.

"आता अमेरिकेला यायला मला व्हिसा लागत नाही," ती म्हणाली. "ऑनलाइन फॉर्म भरला की झालं. गंमत आहे ना?"

"मग आली का नाहीस?"

तिने ग्लास कठड्यावर ठेवला. "तू एअरपोर्टला का आली नाहीस?"

आठ वर्षं मी या प्रश्नाची उत्तरं तयार केली होती. "मीटिंग नव्हती," मी म्हणाले.

"माहितीये मला. लायब्ररीच्या सिग्नलला माझी टॅक्सी थांबली होती. तू गाडीत बसली होतीस. सँडविच खात होतीस."

ते सँडविच मला आठवत नव्हतं. तिथे बसून मी रडले होते असंच मी इतकी वर्षं धरून चालले होते. कदाचित रडलेही असेन, पण खातही होते. पुलावर उभं राहून माझे कान तापले.

"तू काच का खाली केली नाहीस?" मी विचारलं. "हाक मारायची."

"मारणार होते. सिग्नल सुटला."

शेजारी कुणाचा तरी कुत्रा पाणी पीत होता.

"राग आला होता?"

"खूप. दोन वर्षं. रोज. इथे येऊन जर्मन शिकायला लागले, मग दमायला व्हायचं." ती हसली नाही. "तुझा मेसेज आला ना, तेव्हा परत आला. मला वाटलं, आठ वर्षांनी हिला एक रात्र पुरणारे का? हॉटेलचं त्यासाठीच विचारलं. घरात तुला बघायची माझी तयारी नव्हती."

"सॉरी," मी म्हणाले. मराठीत त्यासाठी काय म्हणायचं ते मला त्या क्षणी सुचलं नाही.

"हं," ती म्हणाली. "मला वाटायचं, ते ऐकलं की काहीतरी होईल." आणि मग, "भूक लागली का तुमच्या मुलीला? टेबल सांगून ठेवलंय मी."

जेवताना ती बरीचशी मुलीशी बोलली. मुलगी इंग्रजीत, ती मराठीत, दोघींचं छान चाललं होतं. चीज घातलेल्या शेवया आल्या, मुलीने ताट साफ केलं. नवऱ्याने नागपूरच्या उन्हाळ्याचे किस्से सांगितले आणि ती खळखळून हसली, त्या हसण्यात मला आमच्या जुन्या स्वयंपाकघराची ट्यूबलाइट दिसली. नऊला अजून उजेड होता. सकाळी तिला ऑफिस होतं, म्हणून ती उठली. सायकलचं कुलूप काढताना म्हणाली, "एक रात्र बरोबर ठेवलीस. दोन झाल्या असत्या तर भांडलो असतो."

"भांडायला हवं होतं," मी म्हणाले.

"ते पुढच्या वेळी." मुलीच्या गालाला हात लावून ती सायकलवर बसली आणि ट्रामच्या रुळांच्या कडेकडेने निघून गेली. वळणावर हात दाखवून वळली, तिथल्या नियमाप्रमाणे.

दुसऱ्या दिवशी व्हिएन्नाच्या गाडीत नवऱ्याने विचारलं, "झालं मनासारखं?"

"माहीत नाही," मी म्हणाले. ते खरंच होतं. हलकं वाटेल असं मी धरून चालले होते. तसं वाटत नव्हतं. हॉटेलं बदलत राहायचा चाळा थांबला होता, त्याजागी एक साधं दुखणं होतं, खरचटल्यासारखं, जागा ठाऊक असलेलं. खिडकीबाहेर डॅन्यूब आली, मुलीने मला ढोसलं, मी पाहिली.

व्हिएन्नाला पोहोचल्यावर लक्षात आलं की तिथल्या पाच दिवसांचं मी काहीच ठरवलेलं नाही. माझा सगळा वेळ त्या एका रात्रीत गेला होता. नवरा हॉटेलच्या पलंगावर पाय पसरून म्हणाला, "बोला मॅडम, उद्या काय?"

मी रूममेटला मेसेज केला. 'व्हिएन्नात काय बघू?' एका ओळीचा, न खोडता.

"मी कधी गेलेच नाही," तिचं उत्तर आलं. "इतकं जवळ आहे की राहूनच गेलं. तुम्ही बघा आणि मला सांगा."

मग दुसऱ्या दिवशी आम्ही कुठल्याशा ट्राममध्ये बसलो, ती जिथे संपते तिथे उतरलो. तिथे एक शाळा होती, एक बेकरी होती आणि शेतं सुरू होत होती. मी फोटो काढून तिला पाठवला. तिने विचारलं, "हे काय आहे?"

"माहीत नाही," मी लिहिलं. "शेवटचा स्टॉप."